कोणापेक्षा?

"मॅडम, माझीवाली लंबी आहे!"

पहिलीच्या वर्गात हे वाक्य दिवसातून दहा वेळा तरी कानावर येतं. कधी पेन्सिलीबद्दल, कधी वेणीतल्या रिबिनीबद्दल, कधी डब्यातल्या शेवग्याच्या शेंगेबद्दल. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अगदी अखेरीस उघडतात, म्हणून आमचा खरा पहिला महिना जुलै. बाहेर पाऊस, वर्गात ओल्या दप्तरांचा वास, टाटपट्टीवर बत्तीस पोरं आणि प्रत्येकाकडे जगातली सगळ्यात लंबी वस्तू. नागपूरची पोरं 'लांब' क्वचितच म्हणतात, 'लंबी' म्हणतात. आणि 'माझी' म्हणून थांबत नाहीत, 'माझीवाली' म्हणतात. मी ते दुरुस्त करत नाही. घरची भाषा घेऊन आलेलं मूल निदान बोलतं. पहिल्याच महिन्यात दोनदा टोकलेलं मूल दिवाळीपर्यंत गप्प बसलेलं मी पाहिलं आहे.

त्या वाक्यात मला अडतं ते वेगळंच. ते अर्धं असतं. लंबी आहे हे ठीक, पण कशाहून? म्हणून मी विचारते, "कोणापेक्षा?"

पहिल्या दिवशी या प्रश्नाला उत्तर येत नाही. पोरगं माझ्याकडे बघतं, पेन्सिलीकडे बघतं आणि आणखी जोरात सांगतं, "लंबी आहे न!" त्याच्या लेखी लांबी हा पेन्सिलीचा स्वतःचा गुण आहे, जसा तिचा लाल रंग. लाल पेन्सिल एकटी असली तरी लालच असते, मग लंबी पेन्सिल एकटीनं लंबी का नसावी? पोराच्या बाजूनं हा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं उत्तर फळ्यावर लिहून देता येत नाही. आपल्या बोलण्यात 'लांब'चं रूप तुलनेतही बदलत नाही, लांब ते लांबच राहतं. दुसऱ्या वस्तूला वाक्यात ओढून आणण्याचं काम 'पेक्षा' करतो. हा एक शब्द पोरांच्या तोंडी आपसूक यावा यासाठी मी वर्षाचे पहिले दोन-अडीच महिने देते. पुस्तकात या सगळ्याला मोजकी पानं असतात. मला ती पुरत नाहीत.

नोकरीच्या सुरुवातीला पुरायची. तेव्हा मी ती पानं दोन तासिकांत संपवायची. चित्रात दोन पेन्सिली, एक मोठी, एक लहान. लांब पेन्सिलीला गोल करा. दोन दोऱ्या, दोन साप, दोन गाजरं. सगळ्यांचे गोल बरोबर यायचे आणि मी प्रत्येक पानावर लाल शाईनं 'छान' लिहायची. मग एका दुपारी, खिचडी झाल्यावर, दोन मुली रिबिनीवरून भांडत माझ्याकडे आल्या. मी म्हटलं, तुम्हीच बघा कोणाची लांब ते. दोघींनी आपापली रिबीन हवेत धरली. एकीनं हात उंच केला, दुसरीनं त्याहून उंच केला. जिचा हात वर, तिची रिबीन लांब, असं दोघींनीही मान्य केलं. हरलेली रडायला लागली. तिची रिबीन खरं तर चार बोटं जास्तच होती. दोघींच्याही पुस्तकात त्याच सकाळी मी 'छान' लिहिलं होतं.

त्या संध्याकाळी घरी ते पान पुन्हा उघडलं. बराच वेळ काही दिसेना. मग दिसलं. प्रत्येक जोडीत दोन्ही वस्तूंची डावी टोकं एका रेषेत काढलेली होती. या प्रकरणातलं सगळ्यात अवघड काम चित्रकारानंच करून ठेवलं होतं. पोरांना उजवीकडे कोण पुढे गेलं तेवढंच बघायचं होतं, आणि कोण पुढे गेलं हे तर त्यांना शर्यतीतसुद्धा कळतं. एक टोक जुळवल्याशिवाय दुसऱ्या टोकाकडे बघण्यात अर्थ नसतो, हे त्यांना कळावं अशी वेळच मी येऊ दिली नव्हती. वर्षभरात मी त्यांच्या हातात दोन वस्तू एकदाही दिल्या नव्हत्या.

डी.एड.ला असताना ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाचे प्रयोग परीक्षेपुरते पाठ केले होते. त्यातला एक मी पहिल्यांदा खरोखर केला तो या रिबिनीनंतर. खराट्यातून दोन काड्या काढल्या, अगदी सारख्या कापल्या आणि एका मुलासमोर टोकं जुळवून शेजारी शेजारी ठेवल्या. कोणती लांब? "सारख्या." मग त्याच्या डोळ्यांदेखत एक काडी दोन बोटं पुढे सरकवली. आता? त्यानं पुढे गेलेल्या काडीवर बोट ठेवलं. "हीवाली." काहून रे? "पुढं गेली न ती." काडी परत मागे घेतली. "सारख्या." पुन्हा पुढे. "हीवाली लंबी." त्याच्या आवाजात जराही शंका नव्हती. पियाजेनं हेच लिहून ठेवलं आहे. या वयाचं मूल पुढे गेलेलं टोक बघतं, मागे मोकळी झालेली जागा बघत नाही. साधारण सातव्या वर्षाच्या आसपास ही समज पक्की होऊ लागते. सरकवल्यानं काडी वाढत नाही, एवढं त्या मुलाला सांगायला मला अर्धं मिनिटही लागलं नसतं. त्यानं मानही डोलावली असती. उद्या मात्र पुन्हा पुढच्या टोकावरच बोट ठेवलं असतं.

तेव्हापासून मी ही गोष्ट सांगणं सोडलं आणि सामान जमवायला लागले.

आमच्याकडे बुरडाकडून बांबूच्या कामट्या सहज मिळतात. दरवर्षी मी एक भारा आणते, कडा काच कागदानं घासते आणि वेगवेगळ्या लांबीचे बत्तीस तुकडे करते. काहींत फरक हातभर, काहींत जेमतेम बोटभर. प्रत्येकाच्या हाती एक कामटी देते आणि काम सांगते: आपल्यापेक्षा लांब कामटी असलेला एक मित्र शोधा आणि आपल्यापेक्षा आखूड कामटी असलेला एक शोधा. बस. नियम नाही, रेषा नाही, पट्टी नाही.

पुढची वीस मिनिटं वर्गात जे होतं ते बाहेरून जाणाऱ्याला गोंधळ वाटतो. एका वर्षी शेजारच्या वर्गातल्या सरांनी दार वाजवून विचारलं होतं, सगळं ठीक आहे ना. सगळं ठीक होतं. जोड्या जमत होत्या, मोडत होत्या, कामट्या हवेत भिडत होत्या. मी त्या वेळात काही शिकवत नाही. फिरते आणि ऐकते. गप्प राहणं हे या तासाचं सगळ्यात जड काम आहे. चुकीचा निकाल कानावर पडत असतो आणि जीभ वळवळत असते.

मग कुठेतरी ते होतंच. दोन पोरं कामट्या उभ्या धरून भांडत असतात आणि त्यातला एक ओरडतो, "तू वर धरून राहिला! खाली टेकव!" दुसरा टेकवतो. दोन्ही कामट्या फरशीवर उभ्या राहतात आणि निकाल लागतो. क्षणात ही बातमी वर्गभर होते. "खाली टेकव, खाली टेकव" असा गलकाच उठतो. टाटपट्टीच्या घडीवर टेकवलेली कामटी पकडली जाते. "फरशीवर टेकव, पट्टीवर नाही." त्या दिवसापासून 'खाली टेकव' हा वर्गाचा कायदा होतो, आणि कायदा त्यांनीच केलेला असल्यामुळे तो मोडणाऱ्याला पकडायला माझी गरज लागत नाही. आडव्या वस्तूंसाठी आठवड्याभरात त्याचाच भाऊ येतो, 'भिंतीला लाव'.

याच खेळात शेवटी दोन पोरं तक्रार घेऊन येतात. एक म्हणतं, मला लंबीवाली कोणाकडेच नाही भेटली. दुसरं म्हणतं, मला छोटीवाली नाही भेटली. दोघंही हिरमुसलेले, आपलं काम अपुरं राहिलं म्हणून. मी त्यांना सगळ्यांसमोर उभं करते आणि विचारते, याला का नसेल भेटली? थोडा वेळ शांतता. मग मागून आवाज येतो, "कारण की त्याचीवालीच सगळ्यात लंबी आहे!" 'सगळ्यात लांब' म्हणजे जिच्याहून लांब शोधूनही सापडत नाही ती, हा अर्थ मी कधी फळ्यावर लिहिलेला नाही. रुसलेल्या पोराच्या तोंडावरून वर्गानं तो वाचलेला असतो.

त्यानंतर दहा कामट्या ओळीनं लावण्याचं काम देते, आखूडपासून लांबपर्यंत. इथेही पियाजेनं नोंदलेली एक गंमत दरवर्षी तशीच्या तशी समोर येते. काही मुलं वरची टोकं सुरेख पायऱ्यांसारखी चढवत नेतात आणि खालची टोकं वाटेल तशी सोडतात. वरून बघितलं तर जिना तयार, खाली बघितलं तर एक कामटी हवेत, एक पार खाली घसरलेली. मी काही बोलत नाही. 'खाली टेकव'वाले असतातच.

मध्येच शब्दांचा प्रश्न येतो, आणि माझ्या मते गणित शिकवणाऱ्यांनी त्याकडे अजून जास्त लक्ष द्यायला हवं. पोरांकडे सुरुवातीला एकच शब्द असतो: मोठा. भाऊ मोठा, झाड मोठं, दोरी मोठी, बस मोठी. भाऊ वयानं मोठा असतो, बस जाडीनं, रुंदीनं, सगळ्यानंच मोठी असते आणि दोरी फक्त लांब असते. बरं, आपला 'लांब' तरी सरळ आहे का? "दोरी लांब आहे" आणि "बर्डी इथून लांब आहे" या दोन वाक्यांत तोच शब्द दोन कामं करतो. एकदा मी विचारलं, सगळ्यात लांब काय आहे? एक मुलगी लगेच म्हणाली, "मामाचं गाव." गाव तिचं भंडाऱ्याकडे होतं. मी ते चूक म्हटलं नाही, कारण चूक नव्हतंच. आपण आणि मामाचं गाव यांच्यामध्ये एक दोरी ताणली तर ती दोरी लांब होईल, एवढंच आम्ही मिळून ठरवलं.

आणि उंच? एका मुलानं विचारलं होतं, "मॅडम, मी झोपलो तर लंबा होतो की उंच?" वर्गात हशा झाला, पण मी हसले नाही, कारण हा प्रश्न मोठ्या माणसांनीही सोडवलेला आहे. अंगणवाडीत दोन वर्षांखालच्या बाळाला निजवून मोजतात आणि त्या मापाला लांबी म्हणतात. दोन वर्षांनंतर उभं करून मोजतात, ती उंची. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या मापदंडांत या दोन मापांत सुमारे ०.७ सेंटिमीटरचा फरक धरला जातो, कारण तेच मूल निजलेलं असताना उभ्यापेक्षा तेवढं जास्त भरतं. त्याला मी इतकंच सांगितलं की झोपलास की लांब, उभा राहिलास की उंच, आणि झोपल्यावर एवढंसं जास्त. बोटाच्या नखाएवढी जागा दाखवली. त्यानं लगेच टाटपट्टीवर आडवं होऊन खात्री करून घ्यायचा प्रयत्न केला.

उंचीचा धडा मात्र मला खरा मिळाला तो तान्ह्या पोळ्याला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात पोरांचा पोळा असतो. लाकडाचे बैल, चाकांवर बसवलेले, सजवलेले, दोरी बांधून ओढायचे. तळहातावर मावेल एवढ्यापासून पोराच्या छातीपर्यंत येईल एवढ्यापर्यंत. शाळेत आम्ही तो एक दिवस आधी किंवा नंतर करतो आणि पोरं आपापला बैल घेऊन येतात. कोणाचा आजोबांच्या वेळचा, रंग उडालेला. कोणाचा कालच विकत आणलेला, शिंगांना चमकी लावलेला. आणि अर्थातच वाद: कोणाचा बैल उंच?

तोवर 'खाली टेकव' पक्कं झालेलं होतं, त्यामुळे सगळे बैल फरशीवर आले. वाद मिटायला हवा होता. मिटला नाही. एका जुन्या बैलाची चाकं इवलीशी होती आणि शेजारच्या नव्या बैलाची चाकं वाटीएवढी. नवा बैल जिंकत होता. जुन्या बैलाची मालकीण कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हा तर चाकांमुळे उंच आहे. बैल कुठं उंच आहे?" मग दुसरा प्रश्न निघाला, शिंगं धरायची का? एकाच्या बैलाची शिंगं सरळ वर गेलेली, दुसऱ्याची मागे वळलेली. आणि झूल, आणि डोक्यावरचा गोंडा? कुठून कुठपर्यंत मोजायचं हे आधी ठरवावं लागतं, हे त्या दिवशी सहा वर्षांची पोरं माझ्यासमोर बसून ठरवत होती. शेवटी ठरलं: खुरापासून पाठीपर्यंत. शिंगं नाही, गोंडा नाही, चाकं नाही. जनावरांच्या बाजारात बैलाची उंची पाठीच्या उंचवट्यापर्यंतच बघतात, हे त्यांच्यापैकी कोणालाही ठाऊक असायचं कारण नव्हतं.

पण खुरापासून मोजायचं तर बैल टेकवणार कशावर? चाकं तर निघत नव्हती. तेव्हा त्या मुलीनं जे केलं त्यासाठी मी आजही तिची आठवण काढते. तिची आई घरी ब्लाऊज शिवते. तिनं पुड्याची सुतळी घेतली, आपल्या बैलाच्या खुराला एक टोक लावलं, पाठीपर्यंत ताणली, तिथे चिमटीत धरली आणि ती चिमूट तशीच घट्ट धरून दुसऱ्या बैलाकडे चालत गेली. सगळा वर्ग तिच्या चिमटीकडे बघत होता. सुतळी दुसऱ्या बैलाच्या खुराला लागली आणि चिमूट त्याच्या पाठीच्या वर दोन बोटं उरली. जुना बैल जिंकला.

दोन वस्तू एकमेकींजवळ आणता येत नसतील तर तिसरी मध्ये घालायची आणि तिसरीच्या तोंडून दोघींचं ऐकायचं. पुस्तकी भाषेत ही अप्रत्यक्ष तुलना. बालमानसशास्त्रात ही बरीच मोठी पायरी मानतात, कारण यात मुलाला विश्वास ठेवावा लागतो की इथून तिथवर चालत जाताना सुतळी बदलली नाही. काडी सरकवल्यावर ती वाढली असं म्हणणाऱ्या मुलाला हा विश्वास अजून मिळालेला नसतो. तो मिळाला की मग आम्ही काय काय मोजलं नाही! फळा जास्त लांब की दार उंच? फळा भिंतीला, दार चौकटीला. सुतळीशिवाय गत नाही. टाकीचा घेर जास्त की मॅडमची उंची? सगळ्यांनी मॅडमची उंची म्हटलं होतं. टाकीचा घेर निघाला तेव्हा दोन मिनिटं कोणाचाच विश्वास बसला नाही. कुणी तरी घरून इलॅस्टिक आणलं आणि त्यानं एकच बाक कधी लांब, कधी आखूड भरू लागला. इलॅस्टिक त्याच दिवशी वर्गातून बाद झालं.

सुतळी हातात असली की मला हटकून वर्ध्याची आठवण येते. ऑक्टोबर १९३७ मध्ये तिथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीम उभी राहिली, तकलीवर सूत काढता काढता आणि ते मोजता मोजता मुलांनी गणित शिकावं म्हणून. आमच्यापासून ते सगळं दीड-दोन तासांच्या अंतरावर घडलं. माझ्या वर्गात तकली नाही, पण हाताला काम मिळालं की डोकं मागोमाग चालतं हे मी सुतळीवरच पाहिलं आहे.

सुतळीनंतर वीत. इथून मोजणं सुरू होतं, म्हणजे आकडा येतो. बाकाची लांबी पोरांच्या विती टाकून मोजायची. एक पोरगं सांगतं बारा, दुसरं चौदा, तिसरं दहा. मी टाकल्या तर आठ भरल्या. वर्ग संभ्रमात. मॅडम मोठी, तर आकडा लहान कसा? या प्रश्नाला मी घाई करत नाही. दोन दिवस तो तसाच लोंबकळत ठेवते. दोन दिवसांनी कुणीतरी माझ्या हातावर आपला हात ठेवून बघतं, तळव्याला तळवा, 'खाली टेकव' करून, आणि म्हणतं, "मॅडमची एक वीत लई जागा खाते. म्हणून कमी लागतात." लई जागा खाते! इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नसतं.

ज्यांना दहा आणि चौदा आले त्यांचं वेगळंच होतं. हात सारखेच होते, पण एकानं दोन वितींमध्ये फट सोडली होती आणि दुसऱ्याची प्रत्येक वीत मागच्या वितीवर चढली होती. फट सोडली की आकडा घटतो, चढवली की वाढतो. हे मी आगपेटीच्या काड्या मांडून दाखवायला सांगते, कारण हात उचलला की वीत नाहीशी होते, काडी मात्र जागेवर राहते आणि फट डोळ्यांना दिसते. पोरं मग काड्यांच्या रांगेवर पोटावर पालथी पडतात, गाल फरशीला टेकवतात आणि डोळा बारीक करून फट शोधतात.

अशी पालथी पडलेली पोरं बघताना मला ब्रिटिश सैन्यातला मोजणी अधिकारी विल्यम लॅम्ब्टन आठवतो. १८०२ च्या एप्रिलमध्ये त्यानं मद्रासजवळ सुमारे साडेसात मैलांची एक पायारेषा, म्हणजे पुढच्या सगळ्या मापांचा आधार असलेली सरळ रेषा, मोजायला घेतली आणि तिथूनच भारताची महान त्रिकोणमितीय पाहणी सुरू झाली. त्याची पोलादी साखळी शंभर फुटांची, अडीच-अडीच फुटांचे चाळीस दुवे. ती सुमारे चारशे वेळा, टोकाला टोक लावून मांडावी लागली. उन्हानं पोलाद वाढतं, म्हणून साखळीवर सावली धरायची, तापमापक लावायचे, आणि वाढ हिशेबात धरायची. म्हणजे इलॅस्टिकचाच प्रश्न, फार सूक्ष्म झालेला. पाहणी उत्तरेकडे सरकत सरकत आमच्या मुलखापर्यंत आली आणि नागपूरकडे येताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला लॅम्ब्टनचा मृत्यू झाला. त्याची कबर तिथेच आहे. मी एकदा मुद्दाम जाऊन आले. पहिलीच्या मुलांना मी हे सांगत नाही, त्यांना त्याचा काही उपयोग नाही. मला मात्र आहे. फरशीवर फट शोधणारं पोर एका अतिशय गंभीर कामाला लागलेलं आहे, हे मला त्यामुळे विसरता येत नाही.

शाळेची सहल एका वर्षी नागपुरातल्याच झिरो माईल स्तंभाला गेली. चार घोडे, वालुकाश्माचा खांब. १९०७ साली पाहणी खात्यानं उभारलेला. लोक त्याला देशाचा मध्यबिंदू म्हणतात. तिथल्या दगडावर जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, चांदा अशा गावांची अंतरं मैलांत कोरलेली आहेत. पोरांना घोडे आवडले. परतीच्या रांगेत एका मुलानं माझी ओढणी ओढली. "मॅडम, झिरो माईल म्हणजे किती लंबा?"

मी तिथेच थांबले. शून्य मैल म्हणजे किती लांब. मी त्याला परत विचारलं, तुझी कामटी भिंतीला लावतोस, तेव्हा भिंतीजवळ कामटी किती लांब असते? त्यानं विचार केला. "तिथं तर सुरू होते न." मग हे तसंच, मी म्हटलं, इथून सुरू. त्यानं खांबाकडे वळून एकदा पाहिलं आणि समाधानानं रांगेत गेला. वरच्या वर्गांत पोरं पट्टीवर शून्याऐवजी एकपासून मोजतात आणि शिक्षक वैतागतात, तेव्हा मला तो मुलगा आठवतो. त्या मुलांनी कधी भिंतीला कामटी लावलेली नसते. पट्टी थेट हातात आलेली असते, सगळी भांडणं आधीच कोणीतरी मिटवून दिलेली.

पट्टी तरी काय, वादाचा मिटलेला शेवटच आहे. आमच्या आजीच्या तोंडी वार आणि हात होते. विहीर पुरुषांत, कापड वारांत. १९५६ च्या कायद्यानं देशात मेट्रिक मापं आली, तरी नऊवारीतला वार अजून गेलेला नाही. पॅरिसजवळ जपलेल्या धातूच्या दांड्यावरून मीटर ठरायचा, पण त्या दांड्याचाही भरवसा वाटेना, म्हणून १९६० मध्ये तो सोडला आणि १९८३ पासून मीटर प्रकाशाच्या वेगावरून ठरतो. माझ्या वर्गानं वितींच्या भांडणाला कंटाळून एके दिवशी एका मुलाची वीत पुठ्ठ्यावर आखून कापली आणि फळ्याच्या खिळ्याला टांगली. आता सगळे तीच टाकतात. कोणाची वीत आखायची, हा मान कोणाला मिळावा यावर मतदान झालं होतं.

एका तुलनेपासून मात्र मी वर्गाला दूर ठेवते. पोरांना पोरांशी उंचीनं मापत नाही. परिपाठाला रांग उंचीनुसार लागते, ती माझ्या हातात नाही. पण रांगेत रोज सगळ्यात पुढे उभा राहणारा तो एक असतो. त्याला 'गिड्डा' हे नाव शाळेत आल्या आठवड्यातच पडतं आणि सातवीपर्यंत सुटत नाही. त्याच्या बुटकेपणामागे घरचं खाणं, आईची तब्येत, लहानपणची आजारपणं असू शकतात. बैलाचं ठीक होतं. हरलेला बैल रात्री रडत नाही. काही प्रशिक्षणांत मुलांना उंचीनं उभं करण्याची कृती हमखास सुचवतात, सामान लागत नाही म्हणून. मी ती करत नाही आणि करू नये असं मला मनापासून वाटतं.

त्याऐवजी जुलैत प्रत्येकाला भिंतीला टाचा लावून फरशीवर निजवते आणि त्याच्या लांबीएवढी सुतळी कापून देते. गाठ मारायची, नावाचा कागद बांधायचा, पुरचुंडी करून माझ्या कपाटात. ती कोणाशीही लावून बघायची नाही. गेल्या वर्षीचा रांगेतला पहिला मुलगा ती सुतळी माझ्याकडे देताना म्हणाला होता, "माझीवाली तर छोटीच आहे." मी काही बोलले नाही. कपाटाला कुलूप लावलं.

मार्चमध्ये, परीक्षेआधी, पुरचुंड्या बाहेर काढल्या. सगळे पुन्हा भिंतीला टाचा लावून निजले, जोडीदारानं सुतळी टाचेपासून ताणली. तो मुलगा निजला तेव्हा मी जवळच होते. त्याचा जोडीदार म्हणाला, "पुरत नाही रे." त्यानं मान न हलवता हात डोक्याकडे नेला आणि सुतळीचं टोक चाचपडलं. ते कपाळावर होतं, केसांच्या जरासं खाली. तो तसाच निजून राहिला. मी विचारलं, काय रे, लंबा झालास का?

"हो मॅडम."

"कोणापेक्षा?"

त्याला क्षणभर लागला. "माझ्यापेक्षा," तो म्हणाला. मग उठून बसला, सुतळी बोटांवर गुंडाळली, कागदावरचं नाव नीट वर आलं आहे ना ते पाहिलं आणि मला विचारलं, "हे कुठं ठेवू? दुसरीत लागन न मॅडम."